मॅडमची तब्येत

"मॅडमची तब्येत कशी आहे?" विमावाल्यानं फोनवर विचारलं आणि मास्तर "चांगली आहे" म्हणून मोकळा झाला. रस्त्यात कोणी विचारावं, आपण सांगावं आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागावं, इतक्या सहज. पण विमावाला वाटेला लागणाऱ्यांतला नव्हता. शुगर आहे का, बीपी, थायरॉइड, गेल्या काही वर्षांत एखादं ऑपरेशन, असं त्यानं एकेक विचारायला घेतलं, आणि हा खांद्यानं फोन कानाशी दाबून, हातातल्या कवळीची कड घासत, नाही, नाही, नाही म्हणत गेला. वर स्वतःहून म्हणाला, "दात तर अगदी उत्तम आहेत." त्यावर विमावाला हसला. दातांचं यात काही येत नाही, साहेब, कुठल्याच प्लॅनमध्ये येत नाही, असं म्हणाला. मग आवाज थोडा उतरवून, रोज सांगून सांगून गुळगुळीत झालेलं एक वाक्य त्यानं ऐकवलं, की माहिती खरी द्या, नंतर काही वेगळं निघालं तर कंपनी क्लेम नाकारते. हो हो म्हणून यानं फोन ठेवला. कवळी हातात तशीच राहिली. ज्या बाईच्या तब्येतीची त्यानं एवढी ग्वाही दिली होती, तिला त्यानं दीड-दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. तेव्हाही पाहिलं होतं ते एका लग्नात, जेवणाच्या रांगेत, मध्ये चार माणसं सोडून.

त्याचं काम दात बनवण्याचं. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप लॅबमध्ये येतं, त्यात प्लास्टर ओतलं की तोंडाचा साचा निघतो. त्या साच्यावर हा मेणात दात लावतो, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरतो, उकडतो, घासतो, चकाकी आणतो. माणूस कधी दिसत नाही. साच्याच्या बुडाशी पेन्सिलीनं लिहिलेला आकडा, एवढीच त्याची ओळख. तरी त्याला वाटायचं, आपल्याला माणसं कळतात. हा झोपेत दात खात असणार, ही एकाच बाजूनं चावते, याची जीभ मोठी, बोलताना आड येत असेल. लॅबमध्ये सगळे त्याला मास्तर म्हणत, शिकवायला आता कोणी उरलं नव्हतं तरी. कोपऱ्यात काचेच्या पेटीत नवीन मशीन येऊन बसलं होतं आणि ते संगणकावरचं चित्र बघून पांढऱ्या ठोकळ्यातून दात कोरून काढी. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण मालकाचं भरत होतं. माणसं कमी होत होत मूठभर उरली. एवढ्याशा माणसांचा एकत्र विमा महाग पडतो, म्हणून मालकानं एका दुपारी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की या महिन्यानंतर ज्यानं त्यानं आपलं बघावं. वाईट वाटून घेऊ नका असंही म्हणाला, आणि कोणी फारसं घेतलंही नाही. मेणकाम करणाऱ्या बाईंचं नाव नवऱ्याच्या ऑफिसच्या विम्यात होतं, पॉलिशवाला मुलाच्या विम्यात शिरणार होता, हिशेबनिसाची सून बँकेत होती. प्रत्येकाला कोणाच्या तरी कुशीला जागा होती. राहिला मास्तर. बाईंनीच त्याला हा विमावाला गाठून दिला. लांबच्या नात्यातला आहे, गोड बोलतो पण फसवणार नाही म्हणाल्या, आणि जाता जाता विचारलं, "तुम्ही दोघंच ना, मास्तर?" तो हो म्हणाला. ते 'हो' त्याच्या तोंडात जुन्या कवळीसारखं बसून गेलं होतं. आहे की नाही हेही आता कळत नसे.

खरं म्हणजे भांडण असं काही झालंच नव्हतं. लोकांना सांगायला भांडण लागतं, आणि ते याच्याजवळ नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ती शहराच्या दुसऱ्या टोकाला आईकडे राहायला गेली, एक पिशवी घेऊन. मग थंडीचे कपडे न्यायला आली, मग एकदा चष्म्याची केस, मग वाचायचा दिवा. तिचं काम छापखान्याची प्रुफं तपासण्याचं, त्यामुळे दिवा गेला तेव्हा काहीतरी कळायला हवं होतं. पण यानं उलट तो नीट वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि जिन्यात सांभाळ म्हणाला. सासूबाई बरीच वर्षं काढतील असं वाटलं होतं, दोनच निघाली. त्या गेल्या, आवराआवर झाली, पाहुणे परतले, आणि ती काही आली नाही. येणार आहेस का, असं यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काहीतरी एक म्हणाली असती. न विचारण्यात सोय होती, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनंही न्यायला ये म्हटलं नाही. वेगळं व्हायचं तरी दोघांना एका टेबलाशी बसावं लागतं, वकिलासमोर का होईना. तेही राहून गेलं. असं करता करता दहा वर्षं झाली, अकराही झाली असतील. मध्ये उरला तो हा लॅबचा विमा. दर वर्षी हिशेबनीस मान वर न करता विचारायचा, "पत्नी?" आणि हा म्हणायचा, "आहे." नवीन कार्ड आलं की तो ते पाकिटात घालून तिच्या पत्त्यावर धाडायचा. सोबत काही लिहायचा नाही. पण त्याच सुमाराला कंपनीकडून एक छापील कागद यायचा, की गेल्या वर्षी आपल्या कुटुंबातून एकही दावा आलेला नाही, आपले अभिनंदन. असले कागद लोक न वाचता टाकतात. हा तो खिडकीशी नेऊन वाचायचा. त्याच्या लेखी ते तिचं वर्षाचं पत्र होतं. मी बरी आहे, पडले-झडले नाही, दवाखान्याची पायरी चढले नाही. त्या दिवशी तो बाहेर जेवायला जायचा, आणि वेटरनं एकट्या माणसाची भिंतीकडची जागा दाखवली तरी दोघांच्या टेबलावर बसायचा.

विमावाल्यानं तीन प्लॅनचे कागद पाठवले होते आणि शांतपणे तुलना करा म्हणून सांगितलं होतं. शांतता घरात भरपूर होती. तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तुलना करायला बसला. पहिला प्लॅन स्वस्त, पण खोलीच्या भाड्याला मर्यादा. म्हणजे सहा खाटांच्या हॉलमध्ये पडायचं, आणि त्याहून वरची खोली घेतली तर भाड्याचाच नव्हे, डॉक्टरच्या फीपासून सगळ्याचाच वरचा भाग आपल्या अंगावर. दुसरा महाग, पण खोली कुठलीही घ्या, कोणी विचारणार नाही. तिसरा मधला, पण दर बिलाचा पाचवा हिस्सा आपण भरायचा. शिवाय प्रत्येकाचे दोन भाव, एकट्याचा आणि दोघांचा. दोघांचा म्हणजे दोघांत मिळून एकच रक्कम, ज्याला आधी लागेल त्यानं आधी वापरायची. या व्यवस्थेत त्याला संसाराचं काहीतरी ओळखीचं दिसलं. बेरजा-वजाबाक्या तो करत होता, पण थोड्या वेळानं आकडे मागे पडले आणि तो एकेका प्लॅनमध्ये आजारी पडून बघायला लागला. पहिल्यात तो हॉलमध्ये होता. शेजारच्या खाटेवर कोणी म्हातारा, त्याच्याकडे सून येते, नात येते, डबा येतो. बसायला जागा नाही म्हणून नात याच्याच खाटेला टेकते आणि तुम्हाला काय झालंय आजोबा, असं विचारते. त्याला ते आवडलं. काय झालंय ते मात्र त्याला सुचेना. दुसऱ्या प्लॅनमध्ये तो स्वतंत्र खोलीत होता. स्वच्छ भिंती, टीव्ही, आणि नातेवाइकांसाठी रेक्झिनचा लांब कोच, एका माणसाला पाय पसरून झोपता येईल असा. त्या कोचापाशी येऊन तो अडला. रिकामा कोच त्याला बघवेना. त्यानं मनातल्या मनात तिथे आपली पिशवी ठेवून बघितली, मग घडी घातलेलं पांघरूण, मग वर्तमानपत्र. कोच रिकामाच राहिला. त्याला एकदम फार एकटं वाटलं, आणि हा प्लॅन काही खरा नाही असं त्यानं ठरवलं. राहिला तिसरा. दगडापेक्षा वीट मऊ खरी, पण विटेवर तरी झोपायचं कोणी. कागद गोळा करून त्यानं वर फळांची थाळी ठेवली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. खिडक्या सगळ्या बंदच होत्या.

पण ते तीन 'नाही' त्याच्या मागे लागले. साच्यावर चाकू चालवताना, बसच्या दांड्याला धरून उभा असताना, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत तो तिची तब्येत आठवून बघायला लागला. जिने ती एका दमात चढायची. सर्दी तिला कधी होत नसे. डाव्या टाचेला भेग पडायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी, तो काम शिकत असताना, त्यानं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून तिच्या तोंडाचं माप घेतलं होतं. तोंडात लगदा भरलेला, बोलता येत नाही, आणि तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी गळतंय, हनुवटीवरून लाळ, आणि हा मोठ्या वैद्यासारखा नाकानं श्वास घे, नाकानं घे म्हणतोय. तो साचा पुढे कुठे गेला कोण जाणे, पण त्यातला प्रत्येक दात त्याला पाठ होता. पुढचे दोन एकमेकांवर किंचित चढलेले, जागेसाठी भांडल्यासारखे. डोळे मिटून तो आजही ते मेणात लावू शकला असता. तिच्या रक्तात किती साखर आहे हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. आपण ज्या बाईची तब्येत सांगितली ती चाळिशीतली बाई होती, आणि ती आता कुठेच राहत नव्हती. मग पुढचं चित्र दिसायला लागायचं. ती दवाखान्याच्या काउंटरवर उभी आहे, एका हातानं काउंटर धरून. कार्ड पुढे करते. आतला माणूस संगणकात बघतो, कार्ड परत सरकवतो आणि म्हणतो, बाई, तुमच्या यजमानांनी खोटी माहिती दिली आहे. या वाक्यापाशी चित्र थांबायचं. तिला यातून वगळलं तर अकरा वर्षं धरून ठेवलेलं शेवटचं टोक सुटतं. आणि ठेवलं, न विचारता, तर ते टोक ऐन वेळी तिच्याच हातात तुटायचं. म्हणजे विचारायला हवं. इतकी वर्षं जे विचारायचं टाळलं ते सोडून भलतंच काही विचारायला तिच्या दारात जायचं होतं. त्यानं फोन केला. विम्याचं काम आहे, समोर बसून बोलावं लागेल म्हणाला. ती म्हणाली, रविवारी दुपारनंतर ये, आणि एवढंच.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला दोनदा थांबून खोकावं लागलं. शेजारीण दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होती, म्हणून बायको "या" म्हणाली. लोकांसमोर अहो आणि दाराआड तू, ही त्यांची जुनी रीत. पण दार लावल्यावरही ती "बसा" म्हणाली, तेव्हा हा खुर्चीच्या कडेवर बसला. सासूबाईंचा पलंग होता तिथे आता तिचं टेबल होतं. प्रुफांचा गठ्ठा, लाल पेन, आणि तो दिवा. केस तिनं कापून आखूड केले होते, मान बारीक दिसत होती. दिव्याशेजारी गोळ्यांची डबी होती, वारांचे खण पाडलेली, रविवारचा खण रिकामा. त्याची नजर तिथे गेली आणि तिनं ती जाताना पाहिली. मालकानं काय ठरवलं, विमावाला कोण, प्लॅन कुठले, हे त्यानं सगळं सांगितलं, लागतं त्यापेक्षा जास्त सांगितलं, आणि शेवटी, विमावाल्यानं तुझी तब्येत विचारली होती, असं म्हणाला.

"मग काय सांगितलंस?"

"चांगली आहे म्हणालो."

ती हसली. पुढचे दोन दात दिसले, तसेच. मग तिनं चष्मा काढून पुसला आणि हिशेब द्यावा तशी सांगत गेली. शुगर सहा वर्षांपासून. रक्तदाब त्याच्या मागोमाग, जोडीनंच येतात म्हणे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय, अजून पिकला नाही. गुडघे बरे आहेत. आणि तीन वर्षांपूर्वी छातीत गाठ निघाली होती, ती कापून काढली, साधी होती. तो ऐकत होता. अकरा वर्षांत ती त्याच्याशी एवढं लांब बोलली नव्हती, आणि ऐकताना लाज वाटावी असं एक समाधानही त्याला होत होतं, की ही आपल्याला सांगते आहे. मग गाठीपाशी त्याचं मन मागे वळलं. तीन वर्षांपूर्वी. त्या वर्षीही अभिनंदनाचा कागद आला होता. त्या वर्षीही तो दोघांच्या टेबलावर जेवला होता.

"कार्ड होतं तुझ्याकडे," तो म्हणाला.

"होतं की. दाखवलं असतं तर तुला निरोप गेला असता."

"गेला असता."

"तू आला असतास."

ही तक्रार होती की नुसतीच माहिती, हे त्याला कळेना. ती पेनाचं टोपण काढत-घालत होती. मग म्हणाली, तुला आजारी माणसापाशी बसता येत नाही, आईच्या वेळी दर रविवारी यायचास आणि दारात उभा राहायचास. मला त्या खाटेवरून तुझ्याकडे बघत पडायचं नव्हतं. वहिनी होती दोन दिवस, तिनं केलं सगळं. पैशांचं काय केलंस असं त्यानं विचारल्यावर, होते माझ्याकडे म्हणाली. आणि त्यानंतर भाच्यानं मागे लागून तिचा वेगळा विमा काढून दिला होता, त्यात सगळे आजार खरे लिहिले होते, काळजीचं काही कारण नव्हतं. तो मान हलवत राहिला. ती सुरक्षित होती, हे ऐकायलाच तर तो आला होता. मग ऐकून बरं का वाटू नये ते त्याला समजेना. तरी शेवटचा धागा धरावा तसं तो म्हणाला, की दोन असले म्हणून बिघडत नाही. पुढेमागे मोठं काही निघालं तर एकाला दुसऱ्याची जोड होते. आधीच्या आजारांना तीन वर्षं थांबावं लागेल, पण मग तेही मिळतात. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि तू पडलास तर मला फोन येणार?"

"एकाच पॉलिसीत असलो तर येणार."

"मग नको." ती खिडकीकडे बघत म्हणाली. "अवेळी फोन वाजला ना, की अजून आधी तूच मनात येतोस. मग कोणीतरी भलतंच असतं. छापखान्यातलं, नाहीतर चुकीचा नंबर. तेवढी एक धास्ती उरली आहे माझ्यात. ती आता पक्की करू नकोस."

त्याला वाटलं, काहीतरी म्हणायची हीच वेळ आहे. अकरा वर्षं जे मुठीत धरलं होतं ते आता उघडायला हरकत नव्हती. मुठीत काय आहे हे तिनंच सांगितलं होतं. तो तोंड उघडणार तोच खोकल्याची उबळ आली. ती उठून पाणी घेऊन आली, तो पिईपर्यंत उभी राहिली. खोकला कधीपासून विचारलं. प्लास्टरची धूळ, तो म्हणाला, काही विशेष नाही. हे विमावाल्याला सांगितलं का? त्यानं माझं विचारलंच नाही, म्हणजे विचारलं, पण मी नाही म्हणालो. तिनं कपाळाला हात लावला, अगदी पूर्वीसारखा, आणि कागद आपल्याकडे ओढून घेतले. मग ती टेबलाशी बसली, दिवा लावला, आणि लाल पेन हातात घेऊन तीनही प्लॅन वाचायला लागली, तळाच्या बारीक अक्षरांसकट. त्यांच्या घरात असंच चालायचं. भाड्याचा करार असो की पंख्याची गॅरंटी, सही याची आणि वाचायचं तिनं. तो तिच्याकडे बघत राहिला. दिव्याच्या उजेडात तिच्या कानामागचे पांढरे केस दिसत होते. मध्येच ती स्वतःशीच हं म्हणे, कुठे खूण करी, एका ठिकाणी तिनं शुद्धलेखनाची चूकही दुरुस्त केली. हे वाचन संपू नये असं त्याला मनापासून वाटलं. बाहेर ऊन खाली उतरलं, शेजारणीचं दार लागलं, आणि तिनं पेनाला टोपण लावलं.

"हा दुसरा घे. महाग आहे, पण खोलीला मर्यादा नाही. स्वतंत्र खोली घे. तुला कोणी घोरलेलं चालत नाही, उठून बसतोस. आणि खोकल्याचं खरं सांग." मग आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "एकट्याला पुरेल एवढं."

कोणी बोलत असल्याशिवाय आताशा त्याला झोप लागत नसे; रेडिओ उशाशी लावून ठेवावा लागे, बातम्या संपल्या की जाग येई. हे तिला कळायचं काही कारण नव्हतं. कोणी घोरलं की उठून बसणारा माणूस तिला माहीत होता, पन्नाशीच्या अलीकडचा, आणि त्याच्यासाठी तिनं इतक्या काळजीनं खोली निवडली होती. हॉलमधली ती नात, खाटेला टेकणारी, त्याच्या डोळ्यांसमोर येऊन गेली. बरं, म्हणाला. कागद घडी करून खिशात घातले. दारात ती "या हं" म्हणाली, जिन्यात कोणी नव्हतं तरी.

बस यायला वेळ होता. थांब्यावर उभ्या उभ्या त्यानं विमावाल्याला फोन लावला. रविवार असूनही त्यानं तो लगेच उचलला. यानं आधी खोकल्याचं सांगितलं, ते त्यानं लिहून घेतलं, थोडे जास्त पडतील पण होऊन जाईल म्हणाला. मग दुसरा प्लॅन म्हटल्यावर त्याचा आवाज उजळला. बहुतेक लोक स्वस्ताच्या मागे लागतात आणि मागाहून पस्तावतात, तुम्ही अगदी योग्य तो घेतलात, कोणी सुचवला?

"बायकोनं. सगळं वाचून तिनंच निवडला."

"वा. मग दोघांचाच करतो ना?"

"नाही. एकट्याचा. तेही तिनंच सांगितलं."

पलीकडे विमावाला मोठ्यानं हसायला लागला. मॅडम भारी आहेत म्हणाला, हे मी आता सगळ्या गिऱ्हाइकांना सांगणार. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, मुलगा मनानं चांगला होता. तो हसतोय आणि आपण गप्प, हे बरं दिसणार नाही असं वाटून मास्तरही हसला, आणि विमावाल्याचं हसू थांबेपर्यंत हसत राहिला.